चापाचा उंबरठा

आमच्या कारखान्यात त्यांना सगळे शिकंजाताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर असेल, पण तिथून ते कधी बाहेर आलं नाही. छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. स्पर्धेच्या नेमबाजीसाठी तयार झालेलं प्रत्येक पिस्तूल लोखंडी शिकंज्यात आवळायचं, पंचवीस मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडायच्या, पाच भोकांचा घोळका किती मिलिमीटरचा झाला ते मोजायचं आणि कागदाच्या कोपऱ्यात आपला शिक्का मारायचा. पिस्तूल शिकंजा धरतो, माणसाने फक्त बोटाने चाप ओढायचा. हाताचा कंप मधे येऊ नये म्हणून ही सोय. त्या निवृत्त झाल्या त्याच्या पुढच्याच वर्षी मी डिझाइन विभागात लागले, त्यामुळे मला त्या माहीत होत्या त्या फक्त शिक्क्यावरून. गोल शिक्का, मधे सात आकडा, एकदाही वाकडा मारलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने आपलं जुनं मॉडेल पुन्हा काढायचं ठरवलं. तीस वर्षांमागे बंद केलेलं, सरळ रेषांचं, सगळं पोलादी, अक्रोडाच्या मुठीचं. एक गोळी सुटली की वरची सरकती स्लाइड आपोआप मागे जाऊन पुढची भरणारं. क्लबांमधली जुनी मंडळी अजून त्याच्या आठवणीने उसासे टाकायची. काम माझ्याकडे आलं आणि आठ महिन्यांत पहिलं पिस्तूल टेबलावर ठेवलं. आमचे व्यवस्थापक खूश. जाहिरातीत त्यांना दोनच शब्द हवे होते: 'हुबेहूब जुनंच.' पण तसं म्हणणार कोण? जुनं पिस्तूल रोज हाताळलेली माणसं शोधायला गेले, तर बहुतेक सगळी देवाघरी. शिकंजाताई तेवढ्या उरल्या होत्या.

मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चाप कुणी बसवलाय?" त्यांनी विचारलं.

"मशीनवर कापलाय, ताई. हात लावावा लागत नाही."

"मंगळवारी येते," त्या म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी दहाला त्या यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून आल्या. पासष्ट वर्षांच्या, काटक, केस मागे घट्ट बांधलेले. यजमान जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासायचे. मी त्यांना काका म्हणू लागले. एकीला ताई आणि तिच्या नवऱ्याला काका, हा नात्यांचा घोळ कुणालाच खटकला नाही. काका भिंतीलगतच्या बाकावर बसले, खिशातून लाल पेन काढलं आणि वर्तमानपत्रातल्या चुका दुरुस्त करायला लागले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी सुटलेलं नाही ते.

ताईंनी आधी पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री केली. मग डोळे मिटून ते नुसतं तळहातावर ठेवलं. चापाला एक किलोचं वजन टांगून पाहिलं. तीन तऱ्हेची काडतुसं मागवली आणि पिस्तूल शिकंज्यात आवळून दुपारपर्यंत दोनशे गोळ्या झाडल्या. माझ्या वहीत त्या एकेक गोष्ट लिहायला सांगत होत्या. घोळका सरासरी चौदा मिलिमीटर, जुन्याचा बाविसाच्या खाली क्वचितच यायचा. स्वस्तातल्या काडतुसांनी दोनदा अडकलं, मॅगझिनचे ओठ थोडे आत वाकवा. मुठीवरच्या रेषा फार बारीक आहेत, घामाने हात सरकेल. बंद करायचा खटका अंगठ्याला बोचतो.

"झालं की ताई," मी म्हटलं. "एवढं पुरे."

"शिकंज्याला चाप काय कळणार?" त्या म्हणाल्या. "हातावर बघायला हवं."

त्या रेषेशी आडव्या उभ्या राहिल्या. डावा हात कमरेला, उजवा हळूहळू वर. मी नेमबाज पुष्कळ पाहिलेत. पण ही बाई उभी राहिली तेव्हा तिथली हवासुद्धा जरा सरळ झाली. पहिल्या दहा गोळ्यांत शंभरपैकी जेमतेम एकसष्ट गुण. हात खाली, दोन श्वास, हात वर. दुसऱ्या दहात त्र्याहत्तर. साठ गोळ्या त्यांनी अशाच झाडल्या, आणि शेवटच्या दहात अठ्ठ्याऐंशी काढले. मधे कधीतरी बाकावरचं वर्तमानपत्र खाली आलं होतं. काका पेनचं टोपण हातात धरून बायकोच्या पाठीकडे बघत होते.

पिस्तूल रिकामं करून ताईंनी खाली ठेवलं आणि टेबलावर हात टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"तसंच आहे ना?" मी विचारलं.

"नाही गं. त्याहून चांगलं आहे." मग म्हणाल्या, "याला उंबरठा नाही."

जुन्या पिस्तुलाचा चाप मागे येत येत सुटायच्या अगदी आधी एक अडथळा लागायचा. केसाएवढा. खरं म्हणजे तो दोषच, पण कारागीर लाडाने त्याला उंबरठा म्हणायचे. बोट तिथे थबकायचं, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी जागेवर आहे ना ते डोळा एकदा बघून घ्यायचा, आणि मग पलीकडे.

त्या दुपारी चहा पिता पिता ताईंनी मला तीनशे सतरा नंबरच्या पिस्तुलाची गोष्ट सांगितली. काका तोवर दाराशी स्कूटरची काच पुसत होते.

त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून हाताने पाच गोळ्या झाडल्या आणि तो कागद विभागप्रमुखांच्या हाती पडला. कारखान्यांच्या आपसातल्या स्पर्धेसाठी तिघांचा संघ जायचा, त्यात त्यांचं नाव लागलं. चाप बसवणारे एक म्हातारे कारागीर होते, सगळे त्यांना कानसवाले अण्णा म्हणायचे. त्यांनी तीनशे सतरा नंबर बाजूला काढलं, ताईंचा पंजा मापून मूठ कोरली, आणि चापाचा उंबरठा कमी-जास्त करत त्यांच्या बोटाला जुळवला. अकरा महिने ताई रोज पाळी सुटल्यावर तासभर सराव करत.

"माझ्यासाठी म्हणून केलेली ती एकच वस्तू," त्या म्हणाल्या. "बाकी आयुष्यभर सगळं तयार मापाचं."

संघ निघायला आठ दिवस असताना त्यांच्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. घरात दोघंच कमावती माणसं. जेवताना ताई म्हणाल्या, "मी नाही जात." काका मुद्रितं तपासत जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "बरं."

दोन महिन्यांच्या रजेनंतर त्या कामावर आल्या तेव्हा कपाटातली तीनशे सतराची खाच रिकामी होती. लॉटबरोबर विकलं गेलं होतं. त्यानंतर त्यांनी हाताने एकही गोळी झाडली नाही. शिकंज्यात हजारो पिस्तुलं आवळली आणि प्रत्येकाचा चाप ओढताना बोटाने तो विशिष्ट उंबरठा शोधला. जवळपासचे भेटले. तो नाही भेटला.

"अडतीस वर्षं?" मी म्हटलं.

"दात पडला की जीभ तिथेच जाते ना, तसं," त्या म्हणाल्या आणि कप उचलून धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांसमोर त्यांनी तेच सांगितलं. हे पिस्तूल जुन्यापेक्षा सरस आहे, पण हुबेहूब जुनं नाही. व्यवस्थापकांनी मार्ग काढला. "एवढंच ना? मग तो अडथळा परत घालू या. मशीनवर दोन मिनिटांचं काम आहे."

मला वाटलं, ताईंचा चेहरा उजळेल. त्या चक्क रागावल्या.

"साहेब, माझी मैत्रीण लंगडत होती म्हणून धडधाकट पोरीचा पाय मोडणार का तुम्ही? ज्या पोरी आता हे हातात घेतील त्यांना स्वच्छ चाप द्या. माझं काय ते माझ्यापाशी."

व्यवस्थापकांनी जाहिरातीतून 'हुबेहूब' काढलं. नाइलाजाने, पण काढलं.

अहवाल ताईंनी घरी बसून स्वतः लिहिला. चार पानं. आमच्याकडे आला तेव्हा त्यात लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले होते. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं, 'मूळ पिस्तूल मी अकरा महिने वापरले व नंतर घरच्या कारणाने सोडले.' त्यातल्या 'घरच्या कारणाने' या शब्दांखाली लाल रेघ होती आणि समासात प्रश्नचिन्ह. दुरुस्ती मात्र काही नव्हती.

त्या प्रश्नचिन्हावरून झालेलं बोलणं ताईंनी मला पुढे एकदा सांगितलं. घरी जेवणाच्या टेबलावर काकांनी विचारलं होतं, "मी तुला सोड म्हणालो होतो का?"

"नाही."

"मग? मला तर वाटत आलंय, तुझंच मन उडालं. आठ दिवसांवर आलं आणि घाबरलीस."

"अकरा महिने रोज तास उशिरा यायचे मी. घाबरले असते तर पहिल्या आठवड्यात घाबरले असते."

"मग मी काय म्हणालो होतो?"

"तुम्ही बरं म्हणालात."

काकांनी पाण्याचा पेला पुढे ओढला. मग म्हणाले, "आईजवळ मी राहिलो असतो. रजा होती माझी शिल्लक."

"ते मला आज कळतंय," ताई म्हणाल्या आणि भांडी आवरायला उठल्या. भांडण नाही, रडणं नाही. त्या रात्री दोघांनाही झोप लागली नाही एवढं खरं, आणि सकाळी नेहमी आयता चहा पिणाऱ्या काकांनी तो करून आणला. साखर विसरले होते.

मला मात्र चैन पडेना. जुन्या विक्रीच्या नोंदवह्या तळघरात होत्या, त्या दोन दिवस चाळल्या. तीनशे सतरा नंबर दुसऱ्या गावातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी घेतलं होतं. वय काढलं तर ऐंशीच्या पुढे. तरी पत्र टाकलं, ताईंना न विचारता. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. थरथरत्या अक्षरातलं, पण खुसखुशीत. पिस्तूल उत्तम आहे, अजून महिन्यातून एकदा झाडतो, विकायचा विचार नाही. तुमच्या ताईंनी जरूर येऊन बघावं. 'एकच खोड होती. चापात काहीतरी अडायचं. ते मी पहिल्याच आठवड्यात घासून काढवून घेतलं. तेव्हापासून लोण्यासारखा चालतो.'

हे पत्र दाखवावं की नाही, यावर मी एक दिवस घालवला. शेवटी दाखवलं. ताईंनी उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घालून मला परत दिलं.

"पहिल्याच आठवड्यात," त्या म्हणाल्या. मग एकदम हसायला लागल्या. "दातांचा डॉक्टर ना तो! खुपलं की काढून टाकायचं, एवढंच त्याला ठाऊक."

मीही हसले. हसता हसता त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं, आणि खालच्या मालगाड्या मोजत असल्यासारख्या उभ्या राहिल्या. अडतीस वर्षं ज्याची आठवण काढली, तो उंबरठा जगात कुठेच नव्हता. त्या रजेवर सासूबाईंची कूस बदलत होत्या तेव्हाच तो घासून गेला होता.

"जाऊन येऊ या का त्यांच्याकडे?" मी विचारलं. "मूठ तरी तीच असेल."

"नको. त्यांचं आहे ते आता."

नव्या मॉडेलच्या चाचणीचं निमित्त करून मी त्यांना दर शनिवारी सकाळी बोलवायला लागले. व्यवस्थापकांनी डोळेझाक केली. काका येत, पण वर्तमानपत्र न आणता. दुर्बिणीला डोळा लावून ते प्रत्येक गोळी कुठे लागली ते सांगत, आणि ते फार वाईट सांगत. उजवीकडे लागलेली डावीकडे म्हणायचे. मुद्रितातला एक अनुस्वार ज्यांच्या नजरेतून सुटला नाही, त्यांना बोटाएवढं भोक सापडत नसे. ताई चिडत. "अहो, उजवा हात कोणता तुमचा?" काका खरंच हात वर करून बघत.

सहा महिन्यांनी साठीपुढच्यांची एक स्पर्धा होती. ताईंनी नाव दिलं. तिथे चौदा जण होते आणि ताई अकराव्या आल्या. एक गोळी तर कागदालाच लागली नाही. शेजारच्या पट्ट्यावर वीस-बावीस वर्षांच्या मुली सरावाला आल्या होत्या, त्यातल्या दोघींच्या हातात आमचंच नवं पिस्तूल होतं. आपला नंबर झाल्यावर ताई खुर्ची ओढून त्यांच्यामागे बसल्या. पोरी हात उचलत, सोडत, एकमेकींना काहीबाही सांगत खिदळत. ताई त्यांच्या खांद्यांकडे, मनगटांकडे बघत होत्या.

"कसं वाटलं, ताई?" मी जवळ जाऊन विचारलं.

एका मुलीने पिस्तूल खाली ठेवून पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"सत्ताविसाव्या वर्षी कसं वाटलं असतं ते बघायचं होतं," त्या म्हणाल्या. "ते नाही कळलं."

काका तिकडून त्यांचे साठ गोळ्यांचे सहा कागद घेऊन आले. प्रत्येकावर लाल पेनने तारीख घातली होती आणि न लागलेल्या गोळीच्या जागी समासात खूण केली होती. ताईंनी कागद गुंडाळून पिशवीत घातले. मग मला विचारलं की पुढच्या शनिवारी कारखान्याला सुट्टी आहे म्हणे, रेंज उघडी असेल का.

मी म्हटलं, चावी माझ्याकडे आहे, मी येईन.