नभोनाट्यातलं दूध

माझ्या मामेसासऱ्यांना परमेश्वराने आधी दोन कान दिले आणि मग त्या कानांची ने-आण करायला बाकीचा माणूस जोडला, असं माझं ठाम मत आहे. टेलिफोन खात्यात त्यांची उभी हयात गेली. तिथेही म्हणे नुसती खरखर ऐकून बिघाड कुठल्या पेठेत आहे ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी कानांना एकच काम लावलं, ते म्हणजे जुनी नभोनाट्यं. रेडिओवर एकदा लागून हवेत विरून गेलेली नाटकं कुणी ना कुणी घरी टेप करून ठेवलेली असतात. मामा त्या कॅसेटी जमवतात आणि नाटक कोणतं, आवाज कुणाकुणाचे, टेप कुठल्या घरात झालं, याचा छडा लावतात. नुसतं ऐकून सोडून देणाऱ्याला ते ‘श्रोता’ म्हणतात, पण अशा सुरात, की त्यापेक्षा ‘भुरटा’ बरा वाटावा.

कर्वेनगरात त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. त्यातली दीड खोली कॅसेटींची आणि उरलेल्या अर्धीत मामी राहतात. दारावरची बेल त्यांनी काढून टाकली आहे. दार दोनदा वाजवायचं. मी एकदा चुकून तीनदा वाजवलं, तर आतून ओरडले, “तीनदा एका नाटकात आहे हो! माझा गोंधळ होतो!” रविवारी सकाळी ते जुन्या बाजारात जातात आणि वर भजन लिहिलेल्या कॅसेटी आधी उचलतात. नाटकं टेप करायची म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांच्या भजनांचा बळी देण्याची पुण्यात फार जुनी पद्धत आहे, असं त्यांचं निरीक्षण आहे. त्यावर मामी एवढंच म्हणतात, “आमच्याही दोन गेल्या.”

पूर्वी लोक रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून टेप करत, त्यामुळे नाटकाबरोबर घरही टेप होई. कुकरच्या शिट्ट्या, कुणाचा खोकला, खालून जाणारा भाजीवाला. मामांचा सगळा शोध या आवाजांवर चालतो. एक कॅसेट ऐकून ते म्हणाले होते, “तळमजला, शहाबादी फरशी, आणि घरात कुणीतरी लंगडतं.” चार महिन्यांनी हडपसरला ते घर सापडलं. दार उघडणारे आजोबा लंगडत आले, तेव्हा मामांनी नमस्काराच्या आधी विचारलं, “उजवा ना?”

मी एकदा भाबडेपणाने म्हणालो, “मामा, आमच्या ऑफिसातली मुलं असली खरखर कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत साफ करून देतात.” मामी चहाचा कप हातात धरून जागच्या जागी थांबल्या. मामा शांतपणे म्हणाले, “जावईबापू, आपण इंजिनिअर आहात, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. पण खरखरीला हात लावायचा नाही. नाटक सापडेल दुसरीकडे. ती शिट्टी त्या घराखेरीज कुठे मिळणार?” त्यानंतर तीन रविवार मला साखर कमी मिळाली. माझ्या वडिलांनीही अशा ढीगभर कॅसेटी करून ठेवल्या होत्या आणि बाबा गेल्यावर बिबवेवाडीचं घर रिकामं करताना त्या मी पोत्यात भरून भंगारवाल्याला दिल्या, हे सांगायची हिंमत मला कधी झाली नाही ती यामुळेच.

तर अशा मामांना एका बाईंनी तीन वर्षं झोपू दिलं नाही. जुन्या बाजारात मिळालेली, लेबल निघून गेलेली कॅसेट. नाटकाचा नायक घरदार सोडून निघाला आहे आणि गर्जना करतो, “आता मला कोणीही थांबवू शकत नाही!” त्यावर एक बाई त्याला दूध उतू जाईल म्हणून गॅसकडे बघायला सांगतात. बस्स, एवढंच. पुढे त्या नाटकभर कुठेच नाहीत. “काय लेखन आहे!” मामा म्हणायचे. “सगळा संसार एका वाक्यात! आणि आवाज काय लावलाय! बाकीचे रेडिओतून बोलतात, ही बाई खोलीत उभी राहून बोलते.” या अज्ञात अभिनेत्रीसाठी त्यांनी निवृत्त निवेदकांचे जिने चढून गुडघे घालवले. त्या नाटकात काम केलेल्या एक वयोवृद्ध बाई बिचाऱ्या फोनवर तीनतीनदा म्हणाल्या, “अहो, मी होते ना त्यात. दूध नव्हतं.” मामांनी वहीत नोंद केली : ‘वयोमानाने विस्मरण.’

अखेर सोसायटीच्या हॉलमध्ये या बाईंवर व्याख्यान द्यायचं ठरलं. पत्रिका वाटून झाल्या. कच्च्या संशोधनाची कॅसेट कुणाला ऐकवायची नाही या नियमामुळे तोवर ती कॅसेट मामींनीही ऐकलेली नव्हती. व्याख्यानाच्या आधीच्या रविवारी दुपारी रंगीत तालीम म्हणून त्यांनी मला आणि बायकोला बोलावलं, डोळे मिटायला सांगितलं आणि बटण दाबलं.

नायक गरजला. आणि मग, “अहो, जरा गॅसकडे बघता का? दूध उतू जाईल.” पाठोपाठ जीभ टाळूवर आपटल्याचं एक ‘च्’, आणि आत जाणारी पावलं.

“ऐकलंत? नायकाचं ते हताश ‘च्’?” मामा म्हणाले.

ते ‘च्’ नायकाचं नव्हतं, माझ्या बाबांचं होतं. टेप चालू असताना घरात कुणी शिंकायचंही नाही अशी बाबांची सक्त ताकीद होती, आणि ती न पाळणारं घरात एकच माणूस होतं. माझी आई माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेली. तिचे फोटो अल्बमभर आहेत, पण आवाज ठेवून द्यायचा असतो हे आम्हाला सुचलंच नाही. ती कशी बोलायची हे बायकोने विचारलं की मी नक्कल करायचो, आणि दर वर्षी ती नक्कल थोडी माझ्यासारखी व्हायला लागली होती.

“मामा, पुन्हा लावा,” मी म्हणालो. त्यांनी लावलं. पाचव्यांदा लावल्यावर मी सगळं सांगितलं, भंगारवाल्यासकट.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तीन वर्षांचा शोध, वाटलेल्या पत्रिका, सगळं एका वाक्यात गेलं होतं. मला वाटलं, आता भंगारावरून तरी बोलणार. ते म्हणाले, “बरं झालं दिल्यात. नाहीतर आमच्यापर्यंत कशी आली असती?” मग जाड वही काढून त्यांनी ‘अज्ञात’ हा शब्द पट्टी लावून खोडला. “मातोश्रींचं नाव?”

“सुमती.”

त्यांनी कलाकारांच्या यादीत नायकाच्या खाली ते नाव लिहिलं. ‘ध्वनिमुद्रणस्थळ’ या रकान्यात लिहिलं : ‘बिबवेवाडी, स्वयंपाकघराजवळ.’ मग लगेच त्या वृद्ध बाईंना फोन लावला. “बाई, क्षमा असावी. आपलं बरोबर होतं. दूध आमच्याकडचं होतं.”

व्याख्यान ठरल्या दिवशीच झालं. विषयही तोच आणि बाईही तीच. हॉलमध्ये एकोणीस माणसं होती, आणि आईचं वाक्य संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईला जन्मात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी मागच्या रांगेत बसून डोळे पुसत होतो आणि त्या पाच मिनिटांत साफ करून देणाऱ्या कॉम्प्युटरचा विचार करत होतो. मामांनी माझं ऐकलं असतं तर नायक अगदी स्वच्छ गरजला असता, आणि आई खरखरीबरोबर पुसली गेली असती. या माणसाचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. प्रयत्न केला होता, तर म्हणाले, “आभार कसले? दोनदा वाजवून येत जा.”

कॅसेटची एक प्रत त्यांनी आम्हाला करून दिली, खरखरीसकट. परवा संध्याकाळी मी ती घरी लावली. बायको भाजी निवडत बसली होती. आईचं वाक्य आलं, तशी भाजी बाजूला ठेवून ती चटकन उठली आणि आत जाऊन गॅस बघून आली. गॅसवर काहीच नव्हतं.