घाटाखालची गावं खाली

गिऱ्हाईक दुकानात शिरलं तरी ताई मान वर करीत नसत. उजवा हात माऊसवर, डावा तळहात समोरच्याला थांबवण्यासाठी उभा, आणि तोंडात ठरलेलं वाक्य: "नाव राहू द्या. गाव सांगा."

समोरचा बिचारा नवरा-नवरीची नावं, मुहूर्त, मांडवाचा पत्ता असं सगळं घरून पाठ करून आलेला असे. तो गडबडून गावाचं नाव सांगे. मग ताईंचा हात पडद्यावर एका ठिकाणी जाई, दोन टिचक्या वाजत, आणि त्या घरातल्या मागच्या लग्नाची पत्रिका समोर उघडे. "हाव, आता बोला. यंदा कोणाचं आहे?"

बुलढाण्यात आमचा छापखाना आहे. सगळं छापतो, पण पोट भरतं लग्नपत्रिकांवर. पत्रिका म्हणजे तारीख, वार आणि पत्ता, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या घरची एखादी पत्रिका काढून नीट वाचावी. कोणत्या काकाचं नाव आधी, थोरली आत्या कुठे, मामा कितव्या ओळीत, हे सगळं घरात एकदा भांडून ठरलेलं असतं. काहींच्या पत्रिकेवर गणपती असतो, काहींच्या पत्रिकेवर बुद्ध. भांडण दोन्हीकडे नावांच्या क्रमाचंच. म्हणून प्रत्येक जण म्हणतो, "मागच्यासारखीच करा." त्यामुळे मागची पत्रिका ज्याला सापडते, त्याच्याकडे गिऱ्हाईक जातं.

ताईंना ती सापडायची. आमच्या वडिलांनी त्यांना छपाईचे खिळे जुळवायला ठेवलं, तेव्हा त्या जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या. देऊळघाटहून रोज काळी-पिवळी जीपने यायच्या. शिशाच्या खिळ्यांची ती लाकडी पेटी जुन्या लोकांनी पाहिली असेल. शेकडो खण, एकावरही अक्षराचं नाव नाही. मी शाळेतून आलो की त्यांच्याजवळ उभा राहून विचारायचो, "ताई, 'क' कुठे आहे ते कळतं कसं?" त्या म्हणायच्या, "मले नाही कळत. हाताले कळते."

पुढे खिळे गेले, कॉम्प्युटर आला. छापखान्यातल्या दोन पुरुषांनी हाय खाऊन काम सोडलं. ताई पंधरा दिवसांत पत्रिका काढायला लागल्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बाईंना नवीन काही नको असेल. तसं काही नव्हतं.

पण कॉम्प्युटरवरही त्यांनी आपली खणांची पेटीच मांडली. प्रत्येक गावाचं एक फोल्डर, आणि फोल्डर त्या-त्या गावाच्या जागी. मध्यभागी बुलढाणा. डावीकडे खेटून देऊळघाट. वर चिखली, तिच्या उजवीकडे अमडापूर. फाईलींची नावं मात्र 'नवीन', 'नवीन नवीन', 'नवीन दोन' अशी वाटेल ती. नावाची गरजच काय होती?

या नकाशात एक गंमत होती. डावं-उजवं तुमच्या-माझ्यासारखं, पण वर-खाली ताईंचं. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव ही सगळी गावं पडद्याच्या खालच्या अंगाला आणि वरवट बकाल तर पार तळाशी. का, तर उत्तरेला असली तरी ती घाटाखालची. भूगोलाच्या मास्तरांनी पाहिलं असतं तर छडीच काढली असती. मधे एक आडवी रांग त्यांनी मोकळी सोडली होती. मी एकदा तिथे माझी एक फाईल ठेवली. दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "भाऊ, घाटात गाडी उभी करू नका."

मग ती नवी सिस्टीम आली.

आमचा कॉम्प्युटरवाला बरेच दिवस मागे लागला होता. जुनी मशीन आता कंपनीने वाऱ्यावर सोडली, नवी घ्या, नव्या सिस्टीमची घ्या, सगळा माल जसाच्या तसा त्यात टाकून देतो. मी हो म्हटलं. ताईंना विचारलं नाही. कॉम्प्युटरचा जुना डबा पोत्यात बांधून माळ्यावर टाकला.

सोमवारी ताई येऊन बसल्या. माऊसवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. डाव्या कोपऱ्यातलं सुरुवातीचं बटण उठून मधे जाऊन बसलं होतं. उजवी टिचकी मारली की जी यादी यायची, तिच्यातली निम्मी कामं 'आणखी पर्याय' नावाच्या पडद्याआड गेली होती. आणि सगळी गावं इंग्रजी बाराखडीने ओळीत उभी. अमडापूर पहिलं, वरवट बकाल शेवटचं, घाट गायब.

"हे कोणी केलं?"

"सिस्टीमनं, ताई."

"कोण आहे ते सिस्टीम? बोलवा तिले."

तिला बोलावता येत नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने हसतहसत शोधायची चौकट दाखवली. "मॅडम, एवढं सोपं केलं त्यांनी. नाव टाका, फाईल हजर."

"काय नाव टाकू? नवीन नवीन?"

त्याने टाकलं. अशा ढीगभर फाईली आल्या, आणि त्याखाली दुकानातल्या वस्तूंच्या जाहिराती.

"गाव नाही इचारत का हे?"

"नाही, मॅडम."

"मंग हे आपल्याकडचं नाही," ताई म्हणाल्या आणि चहा प्यायला उठल्या.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं आणि लाजही वाटते. रोज सकाळी पडद्यावर कुठल्यातरी समुद्रकिनाऱ्याचं चित्र येई आणि कोपऱ्यात प्रश्न, हे आवडलं का? ताई रोज मोठ्याने उत्तर देत, "नाही." काम रंगात आलं की बाजूने एक खिडकी सरकत येऊन विचारी, मी काय मदत करू? "गप बस," ताई म्हणत. एकदा एक म्हातारे गृहस्थ त्यांच्यासमोर बसले होते. ते आपल्यालाच म्हटलं असं समजून खरंच गप बसले.

पण काम मागे पडत होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, आणि आखाजीच्या आधीचे दिवस म्हणजे आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. ज्या पत्रिकेला पाच मिनिटं लागायची, तिला तास लागू लागला. लोक पायऱ्यांवर ताटकळत बसायचे. मी चिडलो होतो, आणि चिडलेला मालक सहसा ज्याचा दोष नाही त्याच्यावरच चिडतो. एका दुपारी चार लोकांदेखत मी बोलून गेलो, "ताई, आखाजीपर्यंत जमवा. नाहीतर त्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसवावं लागेल."

तीस वर्षांहून जास्त काळ त्या तिथे बसत होत्या. ताई शांतपणे म्हणाल्या, "खुर्ची तुमची आहे भाऊ, बसवा. पण मले येत नाही असं म्हणू नका. मले सारं येत होतं. यानं घर बदललं, न इचारता."

रविवारी दुकान बंद असताना मी कॉम्प्युटरवाल्याला घेऊन बसलो. भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा काढून टेबलावर पसरला, आणि एकेक गाव आम्ही आपापल्या जागी नेऊन ठेवलं. चार तास लागले. सोमवारी मी ताईंच्या मागे उभा राहिलो, शाबासकीची वाट पाहत.

ताईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वरवट बकाल कुठी आहे?"

"हे काय, वर."

"घाटाखालचं गाव डोक्यावर घेतलं काऊन?"

"ताई, नकाशात उत्तर दिशा वर असते."

"ज्यानं नकाशा काढला तो मलकापुराहून पायी आला होता काय इथवर? राजूरचा घाट चढून या म्हणा एकदा. मंग सांग म्हणा वर काय अन् खाली काय ते."

कॉम्प्युटरवाला तोंड फिरवून हसू लागला. तो मोताळ्याचा, म्हणजे घाटाखालचाच. "मॅडमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "आम्ही बी बुलढाण्याले वरच येतो."

मग ताईंनी स्वतः कंबर कसली. चार दिवस त्या कामाच्या आधी तासभर येत आणि पुढ्यातल्या मशीनशी भांडत. कॉम्प्युटरवाल्याला त्यांनी हक्काने कामाला लावलं. बटण कोपऱ्यात पाहिजे. पूर्ण यादी पाहिजे. समुद्र नको. मदत नको. त्याने कुठून कुठून कळा शोधून काढल्या, बटण पुन्हा डावीकडे आणलं, आणि हळूच कबूल केलं की त्याच्या घरच्या मशीनवरही त्याने ते पहिल्याच दिवशी डावीकडे नेलं होतं. पाचव्या दिवशी सगळी गावं जागेवर होती. मधली रांग मोकळी होती. ताईंचा हात पूर्वीसारखा चालू लागला आणि मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. मोठ्याने मागायला हवी होती.

आखाजीच्या चार दिवस आधी, ऐन दुपारी, पडदा निळा झाला. गोल गोल चकरी फिरू लागली. काम चालू आहे, मशीन बंद करू नका. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वरवट बकालचे एक काका सकाळच्या बसने निघून, खामगावला गाडी बदलून आले होते. त्यांच्या थोरल्या पुतण्याची पत्रिका आमच्याकडे झाली होती. घरात त्यातली एकही उरली नव्हती. धाकट्यासाठी तंतोतंत तशीच हवी होती. "त्या लग्नात भांडण नाही झालं," ते सगळ्यांना सांगत होते. "एक नाव खालवर झालं, तर माझा मोठा भाऊ मांडवात येणार नाही."

अर्ध्या तासाने पडदा उघडला. बटण मधे. समुद्र हजर. गावं पुन्हा बाराखडीने ओळीत. आणि वर लिहिलेलं, आम्ही तुमच्यासाठी सगळं आणखी सोपं केलं आहे.

मी ताईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता या रडतील. ताई उठल्या, भिंतीतली इंटरनेटची तार उपसली, स्टूल घेतलं आणि माळ्याकडे गेल्या. पोतं सोडून जुना डबा खाली आणला, पदराने पुसला, टेबलावर ठेवला आणि सगळ्या वायरी एकेक करून त्याला जोडल्या. कोणाला हात लावू दिला नाही. डबा बराच वेळ घरघरला. मग पडद्यावर सगळी गावं आली, जिथल्या तिथे. ताईंचा हात तळाशी गेला. दोन टिचक्या.

काकांनी वाकून पत्रिका वाचली. भावाचं नाव पहिल्या ओळीत होतं. त्यांनी कॉम्प्युटरला हात जोडले.

त्या चार दिवसांत ताईंनी त्या जुन्या डब्यावर सगळ्या पत्रिका हातावेगळ्या केल्या. एकही गिऱ्हाईक परत गेलं नाही. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, "ताई, आता हाच डबा राहू द्या. नवा मी परत करतो. खुर्ची तुमचीच आहे. मी बोललो ते चुकलं."

"चुकलंच," ताई म्हणाल्या. "पण खुर्ची नको आता, भाऊ. उद्या कोणी पुन्हा येऊन सांगन, हे जुनं झालं, हे बदला. तुम्ही पुन्हा हो म्हणसान. तुमचा स्वभाव मले माहीत आहे. खुर्ची तुम्ही ठेवा, डबा मले द्या."

मी दिला. काळी-पिवळीवाला तो वर टपावर बांधायला निघाला, तर ताईंनी त्याला असं झापलं की तो कळ दाबल्यासारखा बाजूला झाला. डबा मांडीवर घेऊन त्या पुढच्या सीटवर बसल्या. मी हात हलवला. त्यांचे दोन्ही हात डब्याभोवती होते, त्यांनी नुसती मान हलवली.

माझ्याकडे आता नवी सिस्टीम आहे. तिच्यापुढे दोन ऑपरेटर बसून गेले. दर काही दिवसांनी ती कुठलीतरी वस्तू उचलून भलतीकडे ठेवते आणि आम्ही सगळे मुकाट शोधतो. जुनी गिऱ्हाइकं दारातूनच आत डोकावतात, खुर्ची पाहतात आणि विचारतात, "ताई कुठी बसतात?" मी आधी आधी काहीतरी थातुरमातुर सांगायचो. आता बाहेर येऊन देऊळघाटचा रस्ता दाखवतो.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या घरातही चुलते आहेत, आत्या आहेत, आणि माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका माझ्या नव्या मशीनमध्ये आम्हाला दोन दिवस सापडली नाही. बायको म्हणाली, "जा आता, लाज कसली धरता?" मी गेलो. ताईंच्या घराच्या पुढच्या खोलीत तोच डबा टेबलावर घरघरत होता. भिंतीवर इंटरनेटची तार कुठेच नव्हती. ओसरीतल्या बाकावर दोन माणसं बसली होती, दोघंही माझी जुनी गिऱ्हाइकं. मी सरळ आत गेलो आणि म्हटलं, "ताई, मुलीचं लग्न आहे."

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. डोळे भरले होते, हे मी शपथेवर सांगतो.

"लय चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "बाकावर बसा, भाऊ. दोघं आधीचे आहेत."

मी बाहेर येऊन बाकाजवळ उभा राहिलो. दोघांपैकी एकाने मला ओळखलं, आणि थोडं सरकून जागा करून दिली.