आगाशिवाच्या डोंगरातला स्तूप

माझं पहिलं मूल तापानं गेलं. त्याच्या पुढच्या वैशाखी पौर्णिमेला सासरे मला आणि सासूबाईंना कऱ्हाडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरावर घेऊन गेले. तिथं बुद्धाची जुनी लेणी आहेत, हे त्यांना पलटणीत असताना कुणीतरी सांगितलं होतं. माझे घरधनी इस्लामपुरात कामाला होते, त्यांना सुट्टी मिळाली नाही.

आम्ही बौद्ध झालो तेव्हा घरातले देव कृष्णेत सोडणारे आमच्या वस्तीत सासरेच पहिले. सासूबाई तेव्हा गप्प राहिल्या होत्या. मूल गेल्यावर मात्र त्यांनी तोंड उघडलं. "तुमी मरीआईला पाण्यात घातलं, तिनं माझा नातू नेला." वर्षभर घरात हेच चाललं होतं. मी कुणाच्या बाजूनं बोलणार? मूल माझंच होतं.

लेण्यात शिरलो आणि गारवा लागला. आत अख्ख्या खडकातून कोरलेला स्तूप. त्यावर हळदकुंकू फासलेलं, पायाशी खोबऱ्याची वाटी. सासऱ्यांनी उपरणं भिजवून कुंकू पुसायला घेतलं.

"ऱ्हाऊ द्या की," सासूबाई म्हणाल्या. "कुणी का वाहीना."

तेवढ्यात दारात एक शेतकरी आला. जळणाची मोळी खाली टाकून म्हणाला, "पावणं, पिंडीला का हात लावताय?"

"पिंड न्हाई ही. स्तूप हाय. हितं भिक्खू ऱ्हात हुते."

"आमचा आज्जा हितं पाणी घालीत आला. तुमी कुणापैकी?"

"बौद्ध."

"ते झालं. आदी कोण?"

सासऱ्यांनी जात सांगितली. त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही.

"मग भाईर थांबून पाया पडा," तो म्हणाला.

सासरे बाहेर गेले नाहीत. हात जोडून त्यांनी वंदना सुरू केली. मीही मागोमाग म्हणू लागले, पण शब्द अडखळत होते. तो माणूस मोळी तिथंच टाकून भराभरा खाली उतरला.

सासूबाईंनी माझा हात धरला. "चला. मानसं घिऊन येतोय त्यो."

वंदना अर्धीच राहिली. आडवाटेनं उतरून आम्ही पायथ्याशी एका आंब्याखाली बसलो. कुणी मागं आलं नाही, पण सासूबाई वाटेकडंच बघत होत्या. "आपलं हुतं ते सोडलं," त्या म्हणाल्या, "आन् ह्यो बुद्ध आपला म्हणावं, तर हितंबी भाईरच."

मला राहवलं नाही. मी सासऱ्यांना विचारलं, "मामा, खरंच देवीचा कोप झाला का वं?"

ते मातीकडं बघत म्हणाले, "देवीनं न्हाई नेला. आपुन ज्याच्या रानात राबतो, त्या मालकाच्या गोठ्यात बैलं बांधलेली हुती, गाडी मोकळी हुती. दवाखान्याला जायाला गाडी मागितली, तर म्हणला, मेलेली जनावरं वढायचं सोडलं न्हवं, मग गाडी कशाला मागता? चालत निघालो. पोर माझ्या खांद्यावर गेलं."

गाडीचं मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी मी स्वतः तापानं घरात पडून होते. मला एवढंच सांगितलं होतं की वाटेत गेलं.

"हे मला म्हाईत न्हाई व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "देवीला बोल लावला तर ती उलटून बोलत न्हाई. मालकाला बोल लावून गावात ऱ्हायाचं कसं?"

एसटीत आम्ही तिघं तीन बाकड्यांवर बसलो.

त्यानंतर मरीआईचं नाव घरात कमी झालं. गेलं म्हणणार नाही. दोन वर्षांनी मला मुलगी झाली. सासूबाईंनी तिच्या कमरेला काळा दोरा बांधला. सासऱ्यांनी तो बघितला आणि पोरीचं अंगडं त्यावरून खाली ओढलं.