बाकी विचारणाऱ्या ताई

कागदावर भागाकार दिसला की ताई त्यावर पेन्सिल टेकवून विचारत, "बाकी कुठं गेली?" नोएडातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या माझ्या प्रोजेक्टच्या प्रमुख, सगळे त्यांना मॅडम म्हणत. मी साताऱ्याहून आलेला. पहिल्याच दिवशी त्यांचं मराठी ऐकून ताई म्हणालो, ते कायमचं. त्या मूळच्या वर्ध्याच्या, यजमान केंद्र सरकारात. गाझियाबादहून दोन बस बदलून येत, तरी सगळ्यांच्या आधी हजर.

तेव्हा नोएडात सेक्टरमागून सेक्टर कारखाने उघडत होते. कपड्यांच्या एका कारखान्यासाठी मी सी भाषेत माझा पहिला प्रोग्राम लिहिला. कामगार किती, त्यावरून बस किती लागतील ते ठरवायचं. ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "वरचा पूर्णांक देणारं सील फंक्शन लावलंय, ताई!" त्या घाईत होत्या. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी सही केली.

सोमवारी त्र्याण्णव बायकांसाठी पंचेचाळीस जागांच्या दोनच बस गेल्या. तिघी थांब्यावरच राहिल्या. चालत पोचेपर्यंत फाटक बंद झालं आणि नव्या म्हणून तिघींना कामावरून काढलं.

कारखान्यातून फोन आला तसा ताईंनी माझा कोड उघडला. "अरे, दोन्ही आकडे पूर्णांक. सीनं भागतानाच बाकी टाकून दिली, उरले दोन. आता सील त्या दोनाचं काय करणार? आधी दशांशात भाग, मग वर ने." आवाज जराही चढला नाही. चष्मा पुसत म्हणाल्या, "चल, कारखान्यात जाऊ."

तिघी फाटकाबाहेरच बसल्या होत्या. ताई थेट मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. "गलती हमारी है, साहब. इन्हें वापस लीजिए."

"लिखकर दीजिए," तो म्हणाला.

ताईंनी तिथंच बसून पत्र लिहिलं. तिघी कामावर परतल्या. त्यांतली एक ताईंचा हात धरून म्हणाली, "दीदी, हमने सोचा था कोई आएगा ही नहीं."

महिन्याभरात ताईंचं प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेलं. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनीही नाही. पुढं यजमानांची बदली झाली आणि त्या नागपूरला गेल्या.

काही वर्षांनी ऑफिसच्या जुन्या फायलीत त्या पत्राची कार्बन प्रत सापडली. 'प्रोग्राम मी लिहिला होता,' असं ताईंच्या अक्षरात होतं. माझं नाव कुठंच नव्हतं. मी लगेच नागपूरला फोन लावला.

"ताई, ते खोटं का लिहिलंत?"

त्या म्हणाल्या, "तुझी पहिलीच नोकरी होती रे. जेवलास का?"