व्हिएन्नाला न जाणारी ब्लाझेना

ब्लाझेनाने एकतीस वर्षं ब्रनो शहरात ट्राम चालवली, आणि त्या एकतीस वर्षांत ती कुणाशी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. धावत येणाऱ्यासाठी ती थांबायची, नाही असं नाही. पण दार उघडताना अशी बघायची, की दुसऱ्या दिवशी तो माणूस दहा मिनिटं आधीच येऊन उभा असायचा. मी त्याच डेपोत तिकीट तपासनीस होते. आमच्यातली तिसरी लिबुशे, ऑफिसातली. रजा, बढती, परवानगी, सगळ्यांचे कागद तिच्या टेबलावरून पुढे जायचे.

निवृत्त झाल्यावर आम्ही तिघी शनिवार-रविवारच्या सहली काढू लागलो. क्राकोव झालं, ड्रेस्डेन झालं, बुडापेस्ट तर दोनदा झालं. व्हिएन्ना आमच्याकडून रेल्वेने जेमतेम दीड तास. पण त्या शहराचं नाव काढलं की ब्लाझेना हातातला कप आपटायची.

तेव्हा आमच्याकडे कम्युनिस्ट राजवट होती, पश्चिमेकडे जायला सरकारी परवाना लागायचा. ब्लाझेनाची धाकटी बहीण रुझेना १९८३ साली युगोस्लाव्हियात सुट्टीला म्हणून गेली आणि तिथून परस्पर व्हिएन्नाला पळाली. एका धोबीखान्यात इस्त्रीच्या कामाला लागली. चार वर्षांनी तिला कॅन्सर झाला. ब्लाझेनाने भेटीसाठी परवाना मागितला, तो नाकारला गेला. पुन्हा मागितला, पुन्हा नाकारला. १९८८च्या फेब्रुवारीत रुझेना वारली. पुढच्याच वर्षी सरकार पडलं, सीमेवरच्या तारा कापल्या, अख्खं ब्रनो व्हिएन्नाची दुकानं बघायला लोटलं. ब्लाझेना गेली नाही.

"जिवंत होती तेव्हा जाऊ दिलं नाही. आता दगड बघायला जाऊ?" एवढंच म्हणायची. आणि पुढे, "तिथे म्हणे दहा वर्षांनी पैसे भरले नाहीत तर थडगंही उकरतात. दगडसुद्धा नसेल."

२०१९च्या मे महिन्यात लिबुशेने कुणालाही न विचारता तिघींची तिकिटं काढली. व्हिएन्ना, दोन दिवस. मला वाटलं, आता भांडण पेटणार. ब्लाझेनाने तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि पर्समध्ये टाकलं. का तयार झाली, ते तिने कधी सांगितलं नाही.

गाडीत बसल्यापासून तिची धुसफूस सुरू झाली. मी पावात घालून आणलेले तळलेले मांसाचे तुकडे तिने तोंडात घातले आणि म्हणाली, "मीठ संपलं होतं का गं घरात?" राजवाड्यासमोर सगळे फोटो काढत होते, तर ही खिडक्यांकडे बघत म्हणाली, "हे पुसायला किती बायका लागत असतील? आणि त्यातल्या आपल्याकडच्या किती?" लिबुशे तिच्या मागेमागे. "ब्लाझेना, ऊन लागतंय का? ब्लाझेना, बाकावर बसतेस?" कॉफीच्या दुकानात तिने खसखशीचा केक मागवला, कारण ब्लाझेनाला तोच आवडतो.

"काय गं," ब्लाझेना तिला म्हणाली, "मी मरायला टेकलेय आणि डॉक्टरने फक्त तुला सांगितलंय, असं काही आहे का?"

लिबुशे हसली नाही.

रविवारी सकाळी लिबुशेने आम्हाला ट्राममध्ये बसवलं. कुठे जायचं ते सांगेना. ब्लाझेना पुढच्या सीटवर बसून चालकावर नजर ठेवून होती. "वळणावर ब्रेक उशिरा मारतोय मेला," असं ती मला सांगत होती, तोच खिडकीबाहेर थडग्यांचे दगड विकणारी दुकानं सुरू झाली. एकामागून एक.

व्हिएन्नाची मोठी दफनभूमी म्हणजे एक वेगळं गावच आहे, माणूस सहज हरवेल. लिबुशे हरवली नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी ती सरळ चालत राहिली. एका पाण्याच्या नळाशी डावीकडे वळली, झारी भरून घेतली आणि चौथ्या रांगेत थांबली. राखाडी दगड, त्यावर रुझेनाचं नाव आणि दोन सालं. सभोवती कापून नीट केलेली हिरवी कड, मधे ताजी जांभळी फुलं.

ब्लाझेना त्या दगडाकडे पाहत राहिली. मग तिने झारीकडे पाहिलं.

"तुला नळ कुठे आहे ते कसं माहीत?"

लिबुशेने झारी खाली ठेवली. "मी येते इथे. सीमा उघडल्यापासून. वर्षातून तीन-चारदा. जागा माझ्या नावावर आहे. दर दहा वर्षांनी मुदत वाढवून घेते."

"तू? का?"

"तुझ्या अर्जावर डेपोचा शेरा लागायचा," लिबुशे म्हणाली. शब्द पाठ केल्यासारखे येत होते. "तो मी लिहिला. दोन्ही वेळा. 'परत येईल याची खात्री देता येत नाही.' तू पळाली असतीस तर मला जाब द्यावा लागला असता. आमच्या मुलाला, ओताला, त्याच वर्षी कॉलेजात घालायचं होतं; माझ्यावर ठपका आला असता तर त्याला घेतलं नसतं. मी घाबरले, ब्लाझेना."

मला वाटलं, ब्लाझेना तिला मारेल. शेजारच्या थडग्यापाशी एक म्हातारा पानं गोळा करत होता, त्यानेही मान वर केली. पण ब्लाझेनाचा आवाज अगदी खाली गेला.

"एकतीस वर्षं. माझ्या घरी नाताळचं जेवलीस तू."

"हो."

"माझ्या नवऱ्याला पुरलं तेव्हा माझा हात धरून उभी होतीस."

"हो. म्हणून तर आता..."

"म्हणून काय? तुला हलकं वाटावं म्हणून मला इथवर आणलंस? खसखशीचा केक चारलास?"

"मी आले नसते तर ही जागा केव्हाच दुसऱ्याला गेली असती," लिबुशे रडत म्हणाली.

"जाऊ द्यायची होतीस! माझी बहीण होती ती. आधी तिचं मरण माझ्यापासून घेतलंस, मग थडगंही घेतलंस. इथे येऊन रडायचा हक्क माझा होता गं. तोही तूच वापरून टाकलास."

तिने वाकून ती जांभळी फुलं उपटायला सुरुवात केली. मुळांसकट. मी तिचा खांदा धरला तर मला ढकललं. सगळी फुलं उपटून झाली तेव्हा तिच्या नखांत माती भरली होती आणि दगडासमोर नुसती उकरलेली जमीन उरली होती. लिबुशेने एकही फूल उचललं नाही.

"उद्या इथलं ऑफिस किती वाजता उघडतं?" ब्लाझेनाने विचारलं.

"आठ वाजता."

आम्ही रविवारी संध्याकाळी परतणार होतो. त्याऐवजी सोमवारी सकाळी आठला तिघी त्या ऑफिसच्या दारात उभ्या होतो. रात्रभर एका खोलीत तीन पलंगांवर झोपून कुणी कुणाशी शब्द बोललं नव्हतं. कारकुनाने हसतमुखाने विचारलं, "नात्यातच देताय ना?" मला मोडकंतोडकं जर्मन येतं, मी हो म्हटलं. जागा ब्लाझेनाच्या नावावर करायच्या कागदावर लिबुशेने सही केली, मग ब्लाझेनाने केली. पेन तिने लिबुशेच्या हातातून घेतलं नाही. ते टेबलावर ठेवलं जाईपर्यंत थांबली.

परतीच्या गाडीत लिबुशे दुसऱ्या डब्यात जाऊन बसली. ब्लाझेना माझ्यासमोर होती. सीमा गेल्यावर तिने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नाही गं. शपथ."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ट्रामचं दार उघडताना बघायची तसं.

त्यानंतर ती दर महिन्याला एकटी व्हिएन्नाला जाऊ लागली. मी दोनदा म्हटलं, मीही येते. ती म्हणाली, "कशाला?" लिबुशेने तिला चार पत्रं पाठवली. चारही न फोडता परत आली, पाकिटावर ब्लाझेनाच्या मोठ्या अक्षरात 'नको' असं लिहिलेलं. पाचवं पत्र लिबुशेने माझ्याजवळ दिलं आणि म्हणाली, "तू तिच्या हातात दे."

मी नेलं. ब्लाझेनाने दारातच ते घेतलं आणि माझ्यासमोर फाडलं. मग म्हणाली, "आता तू कुणाची ते ठरव, हेदविका," आणि दार लावून घेतलं.

मी अजून ठरवलेलं नाही. लिबुशेकडे मंगळवारी जाते. ब्लाझेना बाजारात दिसते. मी हाक मारली तर मान हलवते, थांबत नाही.