मॅलो खुर्दची डोरोथी

शेजारणीच्या दाराला मी लिंबू-मिरची बांधून आले होते. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. शेजारीण इंग्रज, पंचाहत्तरी ओलांडलेली. आणि मी सातारच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. पण तेव्हा मी तरुण होते हो, जेमतेम एकसष्ट. तरुणपणी माणसाच्या हातून असल्या गोष्टी होतात.

साल दोन हजार बारा. नात रेवाला सांभाळायला मी मुलाकडे सिंगापूरला, बुकित बातोक नावाच्या वस्तीत येऊन महिनाच झाला होता. एका सकाळी तिला घेऊन खाली उतरले, तर आमच्या ब्लॉकखालच्या, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत एक पांढऱ्या केसांची गोरी बाई वेताची छडी घेऊन प्रत्येक खांबाला फटका मारत चालली होती. फटका मारायचा, काहीतरी पुटपुटायचं, की पुढचा खांब. पत्रपेट्या, सायकलींचा कठडा, कोपऱ्यातलं झाड, कुणी सुटलं नाही. आमच्यापाशी आली, रेवाकडे बघून हसली आणि मला म्हणाली, "उचलू का हिला?" मला वाटलं, पापा घेणार. मी मान डोलावली. तर तिनं पोरीला उचललं आणि तिचं बूड अलगद खांबावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. रेवा खिदळली. मी तिला ओढून घेतलं आणि थेट वर आले.

संध्याकाळी रेवाला ताप. त्या दुपारी मीच तिला सुनेपासून लपवून आइस कचांग, म्हणजे रंगीत बर्फाचा हा एवढा डोंगर, खाऊ घातला होता, हे विज्ञानाच्या बाईंच्या डोक्यात आलं नाही. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. लिंबू-मिरची खरं तर आपल्या दाराला बांधतात. पण माझी सून केतकी बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तिनं पाहिलं असतं तर मला पुढच्या विमानात बसवलं असतं. तेव्हा मी विचार केला, दुखण्याच्या मुळाशीच बांधावं. ही गोरी आमच्याच मजल्यावर टोकाला राहते हे मला ठाऊक होतं. गेले आणि तिच्या लोखंडी जाळीच्या दाराला बांधून आले.

सकाळी बेल वाजली. दारात तीच, हातात माझं लिंबू आणि मिरच्या.

"कुणीतरी मला भेट दिलीये," ती म्हणाली. "तुम्ही भारतीय आहात, म्हणून विचारते. याचं काय करायचं असतं?"

"ती... स्वागताची पद्धत आहे आमच्याकडे," मी म्हटलं. "नवीन शेजारी आला की."

"पण मी इथे तीस वर्षं राहतेय. नवीन तू आहेस, लाह."

वाक्याला इथल्या लोकांसारखं 'लाह'चं शेपूट लावून ती आत आली, रेवाच्या कपाळाला हात लावून ताप उतरल्याची खात्री केली आणि चहाची वाट बघत बसली. ही डोरोथी. इंग्लंडात शिकायला गेलेल्या टॅन नावाच्या चिनी इंजिनिअरशी लग्न करून सिंगापूरला आलेली. टॅन जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ती बोलायची इंग्रजीत, मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत. वयानं ती माझ्या थोरल्या बहिणीएवढी, पण इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून अगं-तुगं झालं.

खांबांना का मारतेस, असं मी विचारलं, तेव्हा तिचं गाव पहिल्यांदा आमच्या डायनिंग टेबलावर मांडलं गेलं. नेदर मॅलो. नेदर म्हणजे खालचं. वरचं मॅलो कुठाय विचारलं, तर म्हणाली, कधीकाळी असेल, आता कुणाला माहीत नाही. म्हणजे आपलं मॅलो खुर्द, बुद्रुक बेपत्ता. बशी म्हणजे चर्च, साखरेचं भांडं म्हणजे बदकांचं तळं, चमचा म्हणजे ओढा. ओढ्याकाठी गवताचं कुरण, त्यात गावाच्या गाई. एक लोहारशाळा, एक दारूचा गुत्ता, काटेरी झुडपांची कुंपणं आणि चर्चच्या अंगणात तिचे पणजोबा-खापरपणजोबा. मला इंग्लंड म्हणजे राणी, राजवाडे आणि दीडशे वर्षं आपल्याला छळणारे साहेब. त्यांच्यातही चिखलात पाय बुडवून गाई हाकणारी माणसं असतात, हे शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या गावात नकाशे येण्याआधीपासूनची रीत अशी, की मे महिन्यात पाद्रीबुवांसकट सगळं गाव शीव फिरायचं. शिवेवरच्या प्रत्येक दगडाला छड्यांनी मारायचं, आणि दगड ध्यानात राहावा म्हणून लहान मुलांना त्यावर आपटायचं. "मुलं सगळ्यात जास्त दिवस जगणार ना," डोरोथी म्हणाली. तिला स्वतःला ओढ्याकाठच्या दगडावर लोहारानं आपटलं होतं, तेही भोवतालच्या खाजऱ्या पाल्यात. "दोन दिवस बसता येत नव्हतं. मी तो दगड कशी विसरेन?" या ब्लॉकमध्ये राहायला आल्यापासून ती दर मे महिन्यात आपल्या ब्लॉकची शीव फिरत होती.

"आमच्याकडे शिवेच्या दगडाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात," मी ऐटीत सांगितलं. "तुम्ही त्याला बडवता?"

"तुझ्या गावची शीव कुठून कुठे जाते?"

ओढा, म्हसोबा, आणि पुढे... पुढे काय?

"चालून बघितली नाहीस ना?" ती म्हणाली.

हे तिचं पालुपद. मी म्हणायचे, इथले मासे वास मारतात. "चालून बघितलंस का?" आणि मला बाजारात नेऊन ताजी पापलेटं विकणारी आँटी दाखवायची. मी म्हणायचे, सिंगापुरात सगळे ब्लॉक सारखे, जीव रमत नाही. आणि हे म्हटल्यावर आठच दिवसांत मी शेजारच्या ब्लॉकमधल्या, आमच्याच मजल्यावरच्या, आमच्यासारख्याच दाराला किल्ली लावून झगडत बसले. आतून बनियनमधले मलय आजोबा बाहेर आले, तर मीच त्यांना दरडावून विचारलं, "हू आर यू?" डोरोथीला हे कळल्यावर ती हसली नाही. छडी घेऊन आली. दगडाच्या जुन्या खाणीचं झालेलं तळं, कॉफी शॉप, नाला, बस स्टॉप, असं फिरवून शेवटी तिनं मला आमच्या खांबापाशी उभं केलं आणि म्हणाली, "तुला उचलणं मला जमणार नाही. तूच आपटून घे." मी इकडेतिकडे बघितलं आणि खांबाला पाठ टेकून आपटून घेतलं. नऊवारी नेसणाऱ्या आईची मी मुलगी! पण पुन्हा चुकीच्या दाराशी गेले नाही.

चार वर्षं अशी गेली. मग एक दिवस तिच्या भाच्याचा इंग्लंडहून फोन आला. ओढ्याकाठच्या कुरणावर एक बिल्डर घरं बांधणार होता. त्याचं म्हणणं, कुरण गावच्या शिवेबाहेर आहे. शिवेचा दगड दाखवा म्हणाला. दगड गाडला गेलेला, आणि त्यावर आपटलेल्यांपैकी एकटी डोरोथी जिवंत. डॉक्टर म्हणत होते, गुडघे आणि हृदय बघता एवढा प्रवास नको.

इथे मी पुन्हा शहाणपणा केला. म्हटलं, "गूगलवर बघा म्हणावं. आणि इतक्या वर्षांनी तुला तरी कुठे आठवणार?"

तिनं चहाचा कप बाजूला सारला. म्हणाली, "मलाही तीच भीती वाटते, शालिनी. गेले आणि सापडला नाही तर? इथे मी गोरी आँटी. तिथेही दगड सापडला नाही, तर मी कुठली?"

मी तिची छडी आणून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "चालून बघूया का?"

पुढचे काही दिवस आम्ही ब्लॉकखाली मॅलो खुर्द चाललो. ती डोळे मिटून माझा दंड धरायची. पत्रपेट्या म्हणजे चर्चचं फाटक. तिथून उतार. डावीकडे लोहारशाळा, घोड्याच्या नालांचा आवाज. मग पाय ओले. "आता खाज," ती म्हणायची आणि थांबायची. दर वेळी त्याच खांबापाशी. येणारेजाणारे आम्हाला वळसा घालून जायचे. एकदा केतकीनंच पाहिलं. "आई, काय चाललंय हे?" "ओढा ओलांडतोय," मी सांगितलं. तिनं लिफ्टचं बटण जरा जोरातच दाबलं.

डोरोथी इंग्लंडला गेली. निघताना छडी माझ्याकडे ठेवली.

आठवड्यानं केतकीच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. टोपरं घातलेली डोरोथी, नाक लाल, आणि कॅमेऱ्यासमोर नाचवलेला सुजलेला हात. खाजरा पाला अजून तिथेच होता. तिनं सरळ हात घातला, खालून दगड निघाला. कुरण शिवेच्या आतच निघालं, आणि राहिलं. मागे गाई दिसत होत्या, आणि एका लहान मुलाला कुणीतरी उचलत होतं.

ती परत आली नाही. त्याच हिवाळ्यात गेली. भाच्यानं कळवलं, चर्चच्या अंगणात पणजोबांशेजारी जागा मिळाली. आता दर मे महिन्यात मी छडी घेऊन खाली उतरते. रेवा मोठी झालीये, चार पावलं मागे राहते आणि म्हणते, "आजी, एव्हरीबडी लुकिंग, लाह!" बघू देत.

पण त्या व्हिडिओ कॉलचं थोडं राहिलं. तिचा सुजलेला हात बघून मला धीर आला आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं, की ते लिंबू स्वागताचं नव्हतं, मला ती चेटकीण वाटली होती. केतकी शेजारीच उभी होती, तिनं कपाळावर हात मारला. डोरोथी हसून हसून खोकली. मग म्हणाली,

"मला त्याच दिवशी कळलं होतं, शालिनी. टॅन गेल्यापासून त्या ब्लॉकमध्ये माझ्याकडे कुणी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. तू निदान घाबरलीस तरी."