भामाबाईंची गाठ आणि प्रितेशचा पतंग

पनवेलच्या कोळीवाड्यात भामाबाईंच्या गाठीविषयी जे सांगितले जाते, ते सगळेच खरे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या एका गाठीने वादळात होडी धरून ठेवली, ही हकिकत मी अनेकांकडून ऐकली. प्रत्येकाच्या सांगण्यात वादळाचे वर्ष मात्र निराळे होते. परंतु त्यांनी विणलेल्या जाळ्याची गाठ घसरत नाही, हे त्यांच्याशी अबोला असलेली माणसेही मान्य करतात. दोराचे एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचे, दुसरे दातांत धरायचे आणि मान मागे टाकून हिसका द्यायचा, ही त्यांची पद्धत.

धाकटी जाऊ चंद्रावती शेजारच्याच घरात राहते. तिच्या गाठी घसरतात. सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या, यात तिचे आयुष्य गेले. "चंद्रीची गाठ मासा बघूनच सुटते," असे भामाबाई भर बाजारात म्हणत आणि कोळणी हसत. चंद्रावतीही हसे, पण मान खाली घालून.

पुढचा प्रसंग २०१३च्या हिवाळ्यातला. तो मी दोघी जावांकडून वेगवेगळा ऐकला. जेवढा जुळला, तेवढाच येथे घेतला आहे.

भामाबाईंचा मुलगा प्रितेश न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला होता. सुटीच्या दिवशी तो उरणच्या किनाऱ्यावर काइटबोर्डिंग शिके. पायांखाली फळी, वर आभाळात खोलीएवढा पतंग आणि त्या पतंगाच्या लांब, बारीक दोऱ्यांच्या ओढीने पाण्यावरून घसरत जायचे, असा तो खेळ. शिकवणाऱ्याला मदतनीस हवा होता आणि येत्या रविवारी प्रितेशची परीक्षा ठरली होती. यार्डातल्या रात्रपाळ्यांतून सुटण्याची ही वाट त्याला पहिल्यांदाच दिसली होती.

गुरुवारी त्याने दोऱ्या गोड्या पाण्याने धुतल्या, दारापासून शेवग्यापर्यंत ताणून वाळत घातल्या आणि तो कामावर गेला. भामाबाई बाहेर आल्या, तर चार दोऱ्यांपैकी एक लोंबत होती. जाळ्याचा दोर सैल पडला की कोळीण जे करते, तेच त्यांनी केले. वाढीव दोर दुमडून घेतला, गाठ मारली, अंगठा, दात, हिसका. चारही दोऱ्या सारख्या झाल्या. पोराला सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

वास्तविक दोरी लांब नव्हतीच; शेवग्याला बांधलेला प्रितेशचा फास घसरला होता.

शुक्रवारी सरावाला पतंग वर चढला आणि सारखा डावीकडे कोसळू लागला. प्रितेश किनाऱ्याच्या चिखलातून फरफटत गेला. घरी येऊन त्याने दोऱ्या बोटांतून ओढून पाहिल्या, तेव्हा गाठ सापडली. पतंगाच्या ओढीने ती मोहरीएवढी आणि दगडासारखी झाली होती.

"आय, ही कोणी मारली?"

"मीच. सैल व्हती. बघ, हलली तरी काय?" भामाबाई कौतुकाने म्हणाल्या.

"तेच सांगतोय! एक दोरी आखूड झाली की पतंग तिकडंच पडतो. आणि गाठीपाशीच दोरी तुटते. ही सोडायला पायजे. कापली तर नवीन दोरी रविवारच्या आत येणार नाय."

भामाबाईंनी नखे लावली, दात लावले, दोन्हीकडून ओढून पाहिले. ओढावे तशी ती अधिकच आवळली. शनिवारी सकाळी त्या दोरी घेऊन जावेच्या दारात उभ्या राहिल्या.

"चंद्रे, एक गाठ हाय."

"कोणाची?" चंद्रावतीने पाहताक्षणी ओळखले होते.

"माझी."

"मंग ती सुटायची नाय. सगला बाजार सांगतो."

"चंद्रे, पोराचा परश्न हाय गो."

"सोडते. पण घरात नाय. ओट्यावर बसून सोडीन, सगल्यांच्या देखत. आणि तू बाजूला बसायचं, बाय."

भामाबाई ओट्यावर बसल्या. कोळणी टोपल्या खाली ठेवून जमल्या.

चंद्रावतीने गाठ साबणाच्या कोमट पाण्यात भिजवली. पाटावर ठेवून लाटण्याने सगळीकडून हलके ठोकली. मग ती गाठ दोन बोटांत वळत राहिली.

"वढ ना जरा," भामाबाईंना राहवेना.

"वढून वढूनच तर दगड केलास. हिला आत ढकलायची असते."

तिने दोरी उलट गाठीच्याच पोटात रेटली. बराच वेळ काही झाले नाही. मग बाजूला केसाएवढी फट दिसली. तीत गोधडीची बोथट सुई शिरली, एक पदर वर आला आणि दोरी मोकळी झाली. जरा वाकडी, पण अखंड. चंद्रावतीने ती पुन्हा पुन्हा बोटांतून फिरवून पाहिली.

"बाय," ती म्हणाली, "गाठ मात्र झकास व्हती."

रविवारी दोघी जावा उरणच्या वाळूवर बसल्या होत्या. पतंग चढला, सरळ राहिला आणि प्रितेश पाण्यावरून लांबवर जाऊन परत आला. शिकवणाऱ्याने त्याला मदतनीस म्हणून घेतले. तेव्हापासून त्याच्या दोऱ्या चंद्रावतीच्या अंगणात वाळतात.

सोमवारी बाजारात कोळणींतल्या शकूने हटकलेच, "काय गो भामे, तुझी गाठ सुटली म्हणं?"

भामाबाईंनी पापलेट उलटे केले. "आपोआप सुटंल काय ती? आमच्या चंद्रीनं सोडवली. तुला जमली असती काय?"

शेजारी माशांच्या पाटीमागे बसलेली चंद्रावती या वेळी सर्वांत मोठ्याने हसली.